अंबादास डायवर आणि ऐंशी फुटांची नळी

महारुद्रअप्पांची जिनिंग-प्रेस धाराशिवाबाहेर येडशीच्या रस्त्याला होती. निजाम गेला, मग हैदराबाद राज्य गेलं, कचेरीतले उर्दू कागद जाऊन मराठी कागद आले, पण अप्पांच्या प्रेसचं इंजिन काही हललं नाही. सोलापूरच्या कुठल्याशा गिरणीनं कंटाळून विकलेलं ते एका सिलिंडरचं धूड होतं. सकाळी सातला ते सुरू झालं की जवळच्या वस्तीतल्या फडताळांत वाट्या एकमेकींना टकरा द्यायला लागत आणि झोपलेले जावई उठून बसत. या इंजिनाचा डायवर अंबादास. सोळा वर्षं तो त्या धुडाजवळ उभा होता, आणि बहिरा झाला नव्हता एवढंच त्याचं नशीब.

प्रेसमध्ये काय चालतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढची सगळी भानगड त्यावर आहे. कापसातली सरकी काढली की रुई उरते. ती लोखंडी पेटीत भरायची. पेटीच्या बुडातून एक जाडजूड दट्ट्या पाण्याच्या दाबानं वर येतो आणि रुईची गाठ दाबतो. हा दाब देणारा पंप इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा. दाब किती झाला हे दाखवायला पंपावर पितळी चौकटीचं एक गेज होतं. काटा पंधराशे पौंडांवर आला की बाया-माणसांनी गाठीला लोखंडी पट्ट्या आवळायच्या. दोन हजारांवर तांबडी रेघ होती. तिथवर दाब गेला तर पंपावरचं सेफ्टीचं झाकण आपोआप उडून पाणी बाहेर पडायचं, आणि झाकण उडालं नाही तर दुसरं काहीतरी उडायचं. सोळा वर्षांत तसं काही झालं नव्हतं.

अंबादास मूळचा तुळजापूरचा, गुरवाच्या घरातला. त्याचे वडील तात्या सनईवाले. आता सनईवाले म्हटलं की लोकांना वाटतं, हे राग आळवत असतील. तात्या तसले नव्हेत. तात्या सूर धरणारे. एक जण सनईवर सगळी कलाकुसर करतो, आणि शेजारी बसलेला दुसरा गाल फुगवून एकच सूर अखंड धरून ठेवतो, तो दुसरा माणूस म्हणजे तात्या. चाळीस वर्षं त्यांनी एकच सूर वाजवला. लग्नात वाजवला, मुंजीत वाजवला, देवीपुढं वाजवला. नवरदेव बदलले, नवऱ्या बदलल्या, सूर तोच. अंबादासला लहानपणी त्यांनी शेजारी बसवून पाहिलं. पोरानं महिनाभर सूर धरला आणि विचारलं, "तात्या, पुढचं कवा शिकवणार?" तात्या म्हणाले, "पुढचं न्हाईच काही." मग पोरगं बार्शीला पळालं आणि इंजिनाचं काम शिकलं. तिथंही दिवसभर एकच आवाज ऐकायचा असतो, हे त्याला उशिरा कळलं.

प्रेसच्या मागं एक खोली होती. ती डायवरची. तिथं अंबादास आणि त्याची बायको प्रेमला राहत. मूलबाळ नव्हतं. १९५८च्या श्रावणात प्रेमलाला ताप आला आणि आठव्या दिवशी ती गेली.

त्यानंतरचा अंबादास कसा होता हे सांगणं अवघड आहे, कारण तो कसाच नव्हता. तो रडला नाही. दारूकडं वळला नाही. दाढी करायचा, वेळेवर यायचा, तेलाची बरणी जागेवर ठेवायचा. फक्त त्याच्याशी बोललं की आपण भिंतीशी बोललो असं वाटायचं, आणि भिंतही जरा प्रतिध्वनी तरी देते. त्याला एकच शब्द उरला होता, 'बरं'. अंबादास, आज पाणी न्हाय. बरं. अंबादास, बशीत चहा गार झाला. बरं. दगडाबाई म्हणून एक दांडगी बाई प्रेसमध्ये रुई भरायला होती, जिचा आवाज इंजिनाच्या वर ऐकू यायचा. ती एकदा त्याच्या तोंडावरच म्हणाली, "ह्याच्या अंगावर विंचू चढला तर ह्यो त्याला बी बरं म्हणंल." अंबादासनं ऐकलं. तो म्हणाला काही नाही, 'बरं'सुद्धा नाही.

त्याच सुमाराला अप्पा सोलापूरला गेले आणि एका गिरणीच्या मॅनेजरची केबिन बघून आले.

अप्पा हे भल्या मनाचे, भल्या पोटाचे गृहस्थ. उर्दू शाळेत शिकलेले, कपाळाला विभूती लावणारे, आणि एकदा गादीवर बसले की सूर्यास्तालाच उठणारे. त्या केबिनीत त्यांनी पाहिलं की मॅनेजर खुर्चीत बसलाय आणि समोर भिंतीवर ओळीनं गेजं लावलीत. गिरणी कुठं, मॅनेजर कुठं, पण एकूणएक काटा त्याच्या नजरेसमोर. अप्पा परत आले ते वेगळेच होऊन.

"वसंतराव," ते कारकुनाला म्हणाले, "मालक गादीवर अन् काटा पंपावर, हा काय इंतजाम झाला? खामखा उठून जावं लागतंय."

अप्पा काटा बघायला उठून गेल्याचं वसंतरावांनी नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं. पण वसंतराव कारकून होते. त्यांनी टेप घेऊन पंपापासून गादीपर्यंतचं अंतर मोजलं. चाळीस फूट भरलं. सोलापुरात दुकानदाराकडं तांब्याच्या बारीक नळीचं ऐंशी फुटांचं वेटोळं होतं. अप्पांनी अख्खं वेटोळं घेतलं. कमी पडण्यापेक्षा जास्त बरं, हा विचार त्यांनी जेवणाच्या बाबतीत आयुष्यभर पाळला होता, तोच नळीला लावला.

वेटोळं एस.टी.च्या टपावरून आलं ते खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी प्रेसमधल्या सगळ्या हत्यारांची पूजा व्हायची होती. अप्पांनी नळीही पाटावर ठेवली. तिला हळदकुंकू लागलं, झेंडू वाहिला, नारळ फुटला. मग अंबादास ती जोडायला घेऊन गेला. पंपापाशी आधी एक छोटी तोटी बसवली, तिला नळी जोडली, नळी भिंतीतून काढून कचेरीत आणली आणि गेज गादीसमोरच्या भिंतीवर लावलं. चाळीस फूट नळी उरली. अंबादासनं करवत काढली.

"आरं, आरं," अप्पा म्हणाले. "काय करायलास?"

"जादाची कापतो."

"आत्ता पूजा झालीया तिची. खंडेनवमीला पुजलेल्या वस्तूला करवत लावतोस व्हय?"

"बरं," अंबादास म्हणाला आणि करवत ठेवून दिली.

उरलेल्या चाळीस फुटांचं गोल गोल वेटोळं करून गेजाच्या बाजूला भिंतीवर सुतळीनं बांधण्यात आलं. त्याला झेंडूचा हार घातला. वसंतराव म्हणाले, जिलबीसारखं दिसतंय. अप्पांना हे आवडलं.

दिवाळीनंतर कापूस आला, हंगाम सुरू झाला, आणि पहिल्याच दिवशी काटा नाचायला लागला.

इंजिन हळू असेतोवर काटा शहाण्यासारखा वर सरकायचा. इंजिन त्याच्या रोजच्या चालीवर आलं की मात्र काट्याच्या अंगात यायचं. नऊशेवरून एकवीसशे, एकवीसशेवरून नऊशे, इतक्या वेगानं की काटा न दिसता तिथं पितळी पंखा फिरतोय असं वाटावं. अप्पांनी जन्मात पहिल्यांदाच दाबाचा काटा एवढा वेळ बघितलेला. त्यांना त्यातलं एकच टोक दिसायचं, तांबड्या रेघेपलीकडचं.

"दगडे, सांग जाऊन त्याला, थांबव म्हणावं. फुटतंय समदं."

दगडाबाई दारात उभी राहून ओरडायची, "थांबव रं दादा, मालकाचं फुटायलंय." अंबादास थांबवायचा. दाब पुरता झालेला नसायचा. अर्धीमुर्धी दाबलेली गाठ बाहेर यायची, तिच्यावर आवळलेल्या पट्ट्या दुसऱ्या दिवशी ढिल्या व्हायच्या, आणि गाठ लग्नाहून परतलेल्या पाहुण्याच्या फेट्यासारखी सैल होऊन पडायची. पौषात मुंबईच्या खरेदीदाराचं तिसरं पत्र आलं. त्यात विचारलं होतं की आपण गाठी पाठवता की गाद्या. खाली लिहिलं होतं, यापुढं माल घेणार नाही.

हंगाम अर्धा राहिलेला. अप्पांनी दोन दिवस विचार केला आणि एका निष्कर्षाला आले. इंजिन तेच, पंप तोच, प्रेस तीच. बदलला आहे तो माणूस.

"वसंतराव, माणूस सोन्यासारखा हाय," ते म्हणाले. "पन बायको गेल्यापास्नं त्याचं चित्त ठिकाणावर न्हाय. इंजिन कसंबी हाणतोय. म्या त्याला इचारलं, काटा कामून नाचतोय रं? तर म्हणतो, नाचतोय खरा. ह्याला काय जवाब म्हणायचा?"

"दुःख आहे त्याला," वसंतराव म्हणाले.

"दुःख आसंल की. पन दुःखावर इंजिन चालत न्हाय."

नळदुर्गकडचा रेवणप्पा नावाचा डायवर मोकळा होता. त्याला सोमवारी या म्हणून निरोप गेला. शनिवारी अप्पांनी अंबादासला बोलावून सांगितलं की सोमवारी रेवणप्पाला काम समजावून द्यायचं आणि आठवड्यात खोली मोकळी करायची. अप्पांना हे सांगताना घाम आला होता. समोरचा माणूस हात जोडेल, रडेल, भांडेल, याची त्यांनी तयारी करून ठेवली होती. त्यासाठी वसंतरावांना शेजारी बसवलं होतं.

"बरं," अंबादास म्हणाला.

तो गेल्यावर अप्पांनी उपरण्यानं घाम पुसला. "बगा," ते वसंतरावांना म्हणाले, "माणूस उभा व्हता, पन आत कुणीच न्हाय."

वसंतरावांना ते बघवलं नाही. त्यांनी तुळजापूरला जाणाऱ्या कंडक्टरकडून तात्यांना निरोप धाडला. तात्या रविवारी दुपारी आले, सत्तरीचे, मोतीबिंदूनं डोळे ढगाळलेले, फेटा मात्र मिरवणुकीला निघाल्यासारखा. खोलीत त्यांनी पिठलं केलं. त्यात मीठ दोनदा पडलं. अंबादासनं ताटातलं सगळं खाल्लं.

"मीठ जास्त झालं का रं?" तात्यांनी विचारलं.

"आसंल."

तात्यांना तेव्हा पोराची पहिल्यांदा भीती वाटली. खोलीत प्रेमलाचं लुगडं दोरीवर वाळत घातलेलं तसंच होतं, श्रावणापासून. तात्यांना ते धूसर हिरवं काहीतरी दिसलं.

सोमवारी सकाळी रेवणप्पा आला. तीस-बत्तिशीचा, मिशा राखलेला, मोकळ्या तोंडाचा माणूस. दुसऱ्याच्या जागेवर येतोय याची त्याला लाज वाटत होती, त्यामुळं तो सगळ्यांना जरा जास्तच नमस्कार करत होता. अंबादासनं त्याला इंजिन दाखवलं, तेलाची भोकं दाखवली, कुठला नट सारखा ढिला होतो ते दाखवलं. दाखवताना त्यानं शब्द बेताचेच वापरले, पण एकही गोष्ट गाळली नाही. मग इंजिन सुरू केलं.

तात्या कचेरीत बाकावर बसले होते. अप्पांशी दोन शब्द बोलावे म्हणून आले होते आणि ते शब्द त्यांना सापडत नव्हते. अप्पाही कागद चाळल्यासारखं करत होते. तात्यांनी अप्पांच्या लग्नात सूर धरला होता. अशा माणसाच्या पोराला काढायचं म्हणजे लग्नच थोडंसं मोडल्यासारखं.

इंजिन रोजच्या चालीवर आलं. काटा नाचायला लागला. तो तात्यांना दिसला नाही. पण त्यांनी मान तिरकी केली.

"मालक, हितं काय वाजायलंय?"

"कुठं काय वाजतंय? इंजिन वाजतंय."

"इंजिन तिकडं. हितं, ह्या भिताडात."

ते उठले, भिंत चाचपत गेले, झेंडूच्या वाळक्या हाराखाली हात घातला आणि तांब्याच्या वेटोळ्यावर तळवा ठेवला. चाळीस वर्षं एकच सूर धरलेल्या माणसाला जगातलं दुसरं काही येत नसेल, पण नळी सुरात आली की नाही, हे त्याला झोपेतही कळतं.

"ही नळी किती लांब?"

"ऐंशी फूट," वसंतरावांनी सांगितलं.

"आन् त्या तोंडाला पंप, ह्या तोंडाला बंद?"

"बंद म्हणजे गेज आहे."

"मालक," तात्या म्हणाले, "ही नळी सूर धरायलीया."

अप्पांनी वसंतरावांकडं पाहिलं. घरात एक वेडा होता, आता दोन झाले, असा तो बघण्याचा अर्थ होता.

"मस्करी न्हाय करत," तात्या म्हणाले. "सनई केवढी, त्यावर तिचा सूर. नळीला आपली एक चाल आसती, दुसरी येत न्हाय तिला. नागपंचमीचा झोका बगा. त्याच्या येळंला बोट लावलं तरी आभाळाला जातोय. येळ चुकवून पैलवानानं ढकलला तर जाग्यावरच डुलतोय. तुमचा पंप धक्के देतोय ते नेमके नळीच्या येळंला पडायलेत. मंग ती पेटती. पंपापाशी धक्का येवढासा, हितं येईस्तवर येवढा."

"म्हंजी काटा खोटं बोलतोय?"

"खोटं कशाला बोलंल बिचारा. नळीचं सांगायलाय. पंपाचं न्हाय सांगत."

हे अप्पांना पटलं नाही. ज्या वस्तूची पूजा केली आणि जिच्याकडं दोन महिने दिवसभर बघितलं, ती भलत्याचंच सांगत होती हे कुणाला पटेल? पण वसंतराव हळूच म्हणाले की काटा रोज एकवीसशे दाखवतो, तर सेफ्टीचं झाकण दोन हजारांवर उडायला पाहिजे. ते या हंगामात एकदाही उडालेलं नाही. अप्पांनी काट्याकडं पाहिलं. हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. खरं म्हणजे वसंतरावांच्याही त्या क्षणापर्यंत आलं नव्हतं.

"मंग कळायचं कसं?" अप्पांनी विचारलं.

"इंजिन वाढवा," तात्या म्हणाले. "आज चालतंय त्याच्या वर न्या. चाल सुटली की नळी गप बसंल."

"वाढवा? आहे त्यातच एकवीसशे, आन् वाढवा म्हणता? मेलो की आपण समदे."

अंबादासला बोलावलं. तो दारात येऊन उभा राहिला, हाताला तेल. मागं रेवणप्पा. अप्पांनी सगळं सांगितलं, तात्यांनी पुन्हा सांगितलं, आणि मग अप्पांनी विचारलं, "तुझा बाप म्हणतोय, इंजिन वाढवा. तू डायवर हायस. वाढवलं तर फुटंल का न्हाय? तुझ्या तोंडानं सांग. तू हो म्हणलास तर वाढवू, न्हाय म्हणलास तर रेवणप्पाला चार्ज दे आन् मोकळा हो."

इंजिन धपधपत होतं. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते आणि त्या तोंडावर बघण्यासारखं काही नव्हतं. दगडाबाई रुईची पाटी डोक्यावर घेऊन मधेच थांबली होती. 'बरं' या शब्दानं या प्रश्नाचं उत्तर देता येत नव्हतं, हीच त्यातली अडचण होती.

"सांग की रं," तात्या म्हणाले.

"न्हाय फुटायचं," अंबादास म्हणाला.

पाच महिन्यांत एवढं ठाम वाक्य त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

मग जो तमाशा झाला तो धाराशिवात पुढं कितीतरी दिवस सांगितला जायचा. अंबादास इंजिनापाशी. रेवणप्पा पंपापाशी, डोळे सेफ्टीच्या झाकणावर. अप्पा गेजापुढं, गादीवर गुडघ्यांवर उठलेले, म्हणजे पळायचं झालं तर सोपं. आणि या तिघांच्या मधे दारात दगडाबाई, कारण एकाचं दुसऱ्याला ऐकू जात नव्हतं. पेटीत एक गाठ दाबून धरली होती.

"आधी कमी कर म्हणावं," तात्या म्हणाले.

"कमी कर रं," दगडाबाई ओरडली.

धपधप सावकाश झाली. अप्पा ओरडले, "थांबला. चौदाशेवर थांबला."

"मालकाचा थांबला," दगडाबाईनं पुढं कळवलं.

"आता रोजच्यावर."

काट्याच्या अंगात आलं. नऊशे, एकवीसशे. अप्पांनी डोळे मिटून पुन्हा उघडले.

"झाकण काय म्हणतंय?"

"रेवणप्पा म्हणतेत, झाकण झोपलंय."

"आता वाढवा."

दगडाबाईनं 'वाढव' हा शब्द अशा काही सुरात ओरडला की येडशीच्या रस्त्यावरची बैलगाडी थांबली. इंजिन चढायला लागलं. कचेरीतली दौत थरथरली. अप्पांनी एक हात कपाळाच्या विभूतीला लावला. काटा आणखी एकदा उसळला, बावीसशेला टेकला, अप्पांच्या तोंडून अर्धा शब्द निघाला, आणि मग तो पंखा हळूहळू बारीक होत गेला. सोळाशे-चौदाशे. साडेपंधराशे-साडेचौदाशे. इंजिन कधी नव्हे इतकं जोरात पळत होतं, आणि काटा पंधराशेवर किंचित थरथरत उभा होता.

अप्पा खाली बसले. "वसंतराव," ते म्हणाले, "ह्यानं आपल्या गाठी सैल केल्या का ह्या नळीनं?"

"आपण केल्या, अप्पा," वसंतराव म्हणाले. नोकरीच्या सबंध काळात एवढं धाडस त्यांनी त्या एकाच दिवशी केलं.

इंजिन रोजच्या चालीवर आणलं. काटा पुन्हा नाचू लागला. आता प्रश्न होता नळीचा. कापायची तर पूजा झालेली, गेज परत पंपावर न्यायचं तर अप्पांचं मन मोडतं. अप्पा, वसंतराव, तात्या बोलत होते. रेवणप्पाही आता नमस्कार करायचं सोडून मधे बोलू लागला होता. अंबादास त्यांच्यातून निघून पंपाकडं गेला. त्यानं इकडंतिकडं बघितलं नाही. नळीच्या तोंडाशी त्यानंच खंडेनवमीला बसवलेली ती छोटी तोटी होती, तिला हात घातला आणि मनगट फिरवलं. तोटी जवळजवळ बंद केली, अगदी केसभर उघडी ठेवली. धक्क्याला आत शिरायला वाट अरुंद झाली, दाबाला मात्र सावकाश का होईना, जायला वाट राहिली.

कचेरीत काटा जागच्या जागी विसावला.

"काय केलंस?" अप्पांनी दगडाबाईमार्फत विचारलं.

"तोटी आवळली," दगडाबाईमार्फत उत्तर आलं.

"एवढंच?"

"एवढंच म्हणतोय."

अप्पा गादीवरून उठले. नऊ वर्षांत पहिल्यांदा उठून पंपापर्यंत चालत गेले. अंबादास चिंधीनं हात पुसत होता.

"हे तुला कवापास्नं म्हाईत हाय?"

अंबादासनं थोडा विचार केला. "पहिल्या दिशीपास्नं."

"आन् सांगितलं कामून न्हाय?"

अंबादासनं चिंधी घडी करून खिशात ठेवली. अप्पा रागावायला आले होते, पण समोरच्या माणसाकडं पाहून राग कुठं ठेवावा हे त्यांना कळेना. "खोली सोडू नगस," ते शेवटी म्हणाले. "आन् रेवणप्पाला जेवू घालून पाठव." मग तात्यांना हाताला धरून त्यांनी कचेरीत नेलं आणि चहा मागवला.

रेवणप्पाची एस.टी. दोनची होती. इंजिनघरामागं लिंबाखाली दोघं जेवायला बसले. रेवणप्पानं घरून ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती, अंबादासकडं कालचं पिठलं होतं. रेवणप्पानं एक घास खाऊन पिठलं बाजूला सारलं आणि चटणी मधे ठेवली.

"अंबादासराव, वाईट वाटून घेऊ नगा," तो म्हणाला. "पन मला राग यायलाय तुमचा. म्या इतक्या लांबून आलो. बायकोनं बोचकं बी बांधलं व्हतं खोलीत ऱ्हायला यायचं. तुमाला जर पहिल्या दिशी ठावं व्हतं, तर मला हेलपाटा कशापायी?"

"खरंय."

"आज तुमचा म्हातारा आला नसता तर?"

"तर तुमी ऱ्हायला असता."

"आन् तुमी?"

अंबादासनं खांदे हलवले. रेवणप्पानं भाकरी मोडली. तो मोकळ्या तोंडाचा होता, त्याला गप्प बसणं जमत नव्हतं. "मनगट फिरवायचं काम. तेवढंबी करू वाटंना व्हय माणसाला?"

अंबादासनं हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाला, "म्या आपनहून कवाच काय सांगत नव्हतो मालकाला. सोळा वर्सांत न्हाय. म्या घरी सांगायचो. संध्याकाळी गेलो की समदं सांगायचो तिला. पट्टा सरकला, तेल संपत आलं, अमकं कुरकुरतंय. ती ऐकायची आन् म्हणायची, हे हितं काय सांगता, जावा, मालकाला सांगा. मग म्या सकाळी येऊन सांगायचो."

रेवणप्पा चावायचा थांबला.

"ज्या दिशी काटा नाचला त्या दिशी म्या घरी गेलो," अंबादास म्हणाला. "पाय धुतले. बसलो. सांगायला तोंड उघडलं."

इंजिन बंद होतं, जेवणाची सुट्टी होती. लिंबावरून एक होला उडाला.

"मंग ते तिथंच ऱ्हायलं," अंबादास म्हणाला.

रेवणप्पानं चटणीची पुडी त्याच्याकडं सरकवली. अंबादासनं थोडी घेतली, भाकरीला लावली आणि खाल्ली.

"तिखट हाय," तो म्हणाला.

"हायच ती. बायकोच्या हातची हाय."

"लई तिखट हाय," अंबादास म्हणाला, आणि आणखी घेतली.